तळहातात मावणारे रंधे

पहिला रंधा मी रंधा म्हणून घेतलाच नव्हता, पेपरवेट म्हणून घेतला होता. बुधवारचा बाजार, गोदाघाट, सकाळचे साडेनऊ असतील, सेकंड शिफ्ट होती म्हणून मोकळा होतो आणि बायकोने मेथी आणि गावठी लसूण आणायला पाठवलं होतं. भाजीच्या पलीकडे एक चाचा गोणपाट अंथरून जुनं सामान मांडतात, पाने, पकडी, बिनचावीची कुलपं, स्टोव्हचे बर्नर, रेडिओचे पार्ट. त्यात एक काळी लोखंडी वस्तू पडलेली, इस्त्रीचं पिल्लू म्हणा ना. उचलली तर तळहातात अशी बसली की खाली ठेववेना. चाचांनी दीडशे सांगितले, शंभरला दिली. मेथी विसरलो, ते घरी गेल्यावर कळलं.

मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. म्हणजे दिवसभर मायक्रोमीटर, हाईट गेज, सरफेस प्लेट, आणि ऑपरेटरच्या शिव्या. लाकडाशी आपला संबंध शून्य. पण ती वस्तू कॅलेंडर दाबायला टेबलावर ठेवलेली आणि आमच्या गल्लीतले मिस्त्रीमामा (सख्खे मामा नाहीत, पण पंचवटीत निम्मे लोक त्यांना मामाच म्हणतात) कपाटाचं बिजागर बघायला आले तेव्हा त्यांनी ती उचलून तळ डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अरे हा एका हाताचा रंधा आहे. पेपरवेट काय करतोस येड्या."

मामांकडे स्वतःचे रंधे आहेत ते सगळे लाकडी, वडिलांच्या हातचे, घामाने काळे झालेले, पाचर मारून पातं बसवायचं. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींकडे असाच माल. हे छोटे लोखंडी रंधे त्यांच्याकडे फारसे नसायचेच, ते आले ते शाळांच्या वर्कशॉपमधून, रेल्वेतून, लष्कराच्या स्टोअरमधून, नाहीतर एखाद्या हौशी साहेबाच्या पेटीतून. म्हणून नाशिकमध्ये ते मिळतात असं माझं मत झालंय, एका बाजूला देवळाली कॅम्प, दुसरीकडे नाशिकरोडचं प्रेस, वर इगतपुरीची रेल्वे. हत्यारं येणार, भंगारात जाणार, मग बुधवारी घाटावर येणार.

त्या दिवशी मामांचं आणि माझं पहिलं भांडण झालं, आणि खरं तर त्या भांडणानेच मला हा नाद लागला. पातं कसं बसवायचं यावरून. मामा म्हणाले धारेचा उतार, म्हणजे पात्याची धारेकडे तासलेली तिरकी बाजू, खाली, सगळ्या रंध्यांना तसाच असतो. बसवलं, सागाच्या तुकड्यावर मारलं, रंधा नुसता घसरतो, कापायचं नावच नाही. पातं थोडं बाहेर काढलं, तरी घसरतो. अजून काढलं तर एकदम गचका मारून रुतला. मामा म्हणाले, "फेकून दे, खेळण्यातला आहे."

आता मी पडलो मोजमापवाला. कंपनीत नेला, प्रोट्रॅक्टर लावला. पातं ज्यावर झोपतं तो उतार निघाला साधारण २० अंश. पात्याला धार लावलेली २५ अंशाला. मोठ्या रंध्यात पातं ४५ अंशाला उभं असतं, तिथे धारेचा उतार खाली ठेवला तरी मागे २० अंशाची मोकळी जागा उरते, काही अडत नाही. पण इथे पातंच २० ला झोपलंय आणि उतार २५ चा खाली घातला, तर धारेच्या आधी उताराची टाच, म्हणजे मागची कड, लाकडाला टेकणार. धार हवेत! म्हणून घसरत होता. कागदावर काढून मामांना दाखवलं, त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही, पातं उलटं करून बसवलं, उतार वर, आणि फळीच्या टोकाला, जिथे लाकडाच्या रेषा कापलेल्या असतात आणि मोठा रंधा उडत उडत जातो, तिथे एक झटका मारला. कांद्याच्या सालीसारखा छिलका निघाला. मामा काही बोलले नाहीत. फक्त दुसरा झटका मारला, तिसरा मारला, मग चहा मागितला.

२० आणि २५ मिळून लाकडाला धार ४५ नेच लागते, म्हणजे मोठ्या रंध्याइतकंच, पण पातं आडवं असल्यामुळे ते थेट धारेजवळपर्यंत लोखंडाला टेकलेलं राहतं आणि थरथरत नाही. काहींचं पातं तर १२ अंशालाच झोपलेलं असतं, त्यात बेरीज ३७ होते, आणि टोकाच्या लाकडावर ते लोण्यासारखे चालतात. बाजारात उभं राहून १२ की २० हे डोळ्याने ओळखता येतं आता. सुरुवातीला मी खिशात कार्डबोर्डचा कापलेला कोन घेऊन फिरायचो, चाचा हसायचे.

मग सुरू झालं ते वाचन, रात्री बारा-बारापर्यंत. लिओनार्ड बेली नावाचा अमेरिकन माणूस, त्याने १८६९ मध्ये आपली पेटंटं स्टॅन्लेला विकली, म्हणजे कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीला, आणि आज जगभर जे लोखंडी रंधे दिसतात त्यातले बहुतेक त्या घराण्यातले. इंग्लंडात शेफिल्डला रेकॉर्ड नावाने सी अँड जे हॅम्प्टन कंपनीने १९३० च्या दशकात तेच मॉडेल काढायला घेतले, नंबरपुढे फक्त शून्य लावलं. स्टॅन्लेचा ११० नंबरचा रंधा तर रेकॉर्डचा ०११०. स्टॅन्लेचा साडेनऊ तर रेकॉर्डचा ०साडेनऊ. मला हे इतकं आवडलं! नक्कल केली, पण शून्य लावून केली. थोडं पुढे स्टॅन्लेनेही शेफिल्डला बस्तान बसवलं, म्हणून स्टॅन्ले लिहिलंय म्हणजे अमेरिकन असं नाही, खाली कुठेतरी 'मेड इन इंग्लंड' असतं ते शोधायचं. नंतर जालंधरकडच्या कारखान्यांनी याच सगळ्यांच्या कॉप्या काढल्या, त्यातल्या काही बऱ्या आहेत, काहींचा तळ केळ्यासारखा वाकडा. केळं मी उगाच म्हणत नाही, सरफेस प्लेटवर, म्हणजे कंपनीतल्या एकदम सपाट पाटावर, निळा रंग लावून घासून बघितलंय.

माझा पेपरवेट निघाला ११०. सगळ्यात साधा. पातं पुढेमागे करायला स्क्रू नाही, हातोडीने टकटक करत बसायचं, तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, लहानमोठं होत नाही, पुढे लाकडाची गोल मूठ आणि मागे एक चाक, ते फिरवलं की कॅप, म्हणजे पातं दाबून धरणारं झाकण, पात्यावर घट्ट बसते. साडेनऊ नंबर त्याचा श्रीमंत भाऊ, ६ इंची, मागे पातं सरकवायचं चाक, पातं तिरकं झालं तर सरळ करायची दांडी, आणि पुढची पितळी मूठ सैल केली की तोंड बारीक करता येतं. २२० मध्ये चाक आहे पण तोंड सरकत नाही. १०२ म्हणजे साडेपाच इंचाचं पिल्लू, त्याला काहीच नाही.

नंबर पाठ केले की आपण शहाणे झालो असं वाटतं. मला पण वाटलं, साधारण दोन महिने.

रविवार कारंजाजवळ एका जुन्या हार्डवेअरवाल्याच्या माळ्यावरून एक रंधा आला, पात्यावर हृदयाचं चित्र आणि त्यात एसडब्ल्यू अक्षरं. ही खूण स्टॅन्लेची, साधारण १९२० ते १९३५ मधली, स्टॅन्ले वर्क्सचे (तेच एसडब्ल्यू) जुने प्रेसिडेंट विल्यम हार्ट यांच्या नावावरून हार्ट, आणि गोळा करणारे लोक यावर जीव टाकतात. मी पण टाकला. बाराशे रुपये मोजले. घरी आणून खोलला तर पात्याच्या पोटावर आडव्या बारीक खाचांची ओळ. या खाचा कशासाठी, तर मागच्या चाकाने पातं सरकवताना त्यात दात अडकावा म्हणून. आणि माझ्या हातातल्या रंध्याला चाकच नव्हतं! म्हणजे कुठल्यातरी साडेनऊचं पातं ११० मध्ये घातलेलं. आणि बॉडीवर, नीट धुतल्यावर, मेड इन इंडिया. बाराशे रुपयाची खिचडी.

तेव्हा डोक्यात बसलं की पात्यावरून वय काढायचं नाही. पातं म्हणजे टायर, झिजतं, बदलतं. कॅप पण बदलते, मूठ पण. बॉडीवर जे ओतलेलं आहे तेवढंच खरं, आणि तेही पूर्ण खरं नाही. याचं उदाहरण माझ्याच घरातलं. एका रंध्यावर खोदलेलं '१०-१२-९७'. मी म्हटलं हे काय, १० डिसेंबर ९७, त्या वर्षी तर मी दहावीला होतो, एवढा नवा माल मला जुना म्हणून विकला! चाचांवर इतका चिडलो की पुढचा बुधवार गेलोच नाही. मग समजलं की अमेरिकन लोक महिना आधी लिहितात आणि साल १८९७ आहे. १२ ऑक्टोबर १८९७ चं पेटंट, कशाचं, तर रंध्याच्या दोन्ही कुशीत बोटं रुतवायला जो खोलगट गोल असतो त्याचं. आपण ज्याला हातात घेतल्यावर 'अहाहा' म्हणतो ते अहाहा त्यांनी पेटंट करून ठेवलंय. पण रंधा १८९७ चा आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, त्याच्या आधीचा नाही एवढंच. चाचांची माफी मागितली नाही, पण पुढच्या वेळी घासाघीस न करता एक मोडका पाना घेतला त्यांच्याकडून.

खरेदी करताना मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे मामांनी शिकवलं ते आणि कंपनीने शिकवलं ते मिसळून. आधी कॅप आणि पातं काढून हातात घ्यायचं, विकणारा काढू देत नसेल तर पुढे चालू लागायचं. मग नुसती बॉडी एका बोटावर लटकवून नाण्याने टिचकी मारायची. बायका उन्हाळ्यात माठ घेताना मारतात तशी. बीडाचं ओतकाम सलग असेल तर टण्ण वाजतं, तडा असेल तर भद्द. तडा बहुतेक तोंडाच्या कोपऱ्यातून निघतो आणि कडेच्या भिंतीत चढतो, कारण तिथेच बीड सगळ्यात पातळ, आणि रंधा हातातून पडला की तिथेच फुटतो. मी हे शिकलो ते फसून. एक चकाचक काळा रंगवलेला २२० घेतला होता, साडेसहाशेला, घरी रॉकेलने पुसला तर रंग निघाला आणि तोंडापासून वरपर्यंत एपॉक्सीची लांबी भरलेली, आपण गळक्या टाकीला लावतो तशी. तेव्हापासून नवा रंग दिसला की माझा भाव निम्मा होतो. जुना मूळचा काळा मुलामा वेगळाच असतो, डांबरासारखा जाड, भट्टीत भाजून बसवलेला, कडेला टवके उडालेले असले तरी खरा असतो.

अजून एक, हरवलेला स्क्रू हा फार मोठा प्रॉब्लेम आहे हे आधीच समजून घ्या. मला वाटलं आपण सातपूरला, स्क्रूला काय तोटा. एम ६ घेऊन गेलो, बसेना. इंचातले सगळे आटे लावून बघितले, बसेना. स्टॅन्लेने त्या काळी आटे स्वतःच्या विचित्र मापाचे ठेवले होते. शेवटी आमच्या टूलरूममधल्या एका दादाला मिसळ खाऊ घालून, दोन जादा पावांसकट, एक स्क्रू लेथवर काढून घेतला. ती मिसळ त्या रंध्यापेक्षा महाग पडली.

आता ते पुराचं सांगतो, ते जरा मनाला लागलेलं आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला होता, सराफ बाजारात पाणी शिरलं होतं, नाशिककरांना आठवत असेल. नदीजवळच्या एका जुन्या वाड्याच्या तळघरात एक हत्यारांची पेटी तेव्हा बुडाली आणि कोणी उघडलीच नाही. वाडा पाडायला निघाला तेव्हा मामांना खांब बघायला बोलावलं होतं, ते मला घेऊन गेले. पेटीत सगळं गाळाने भरलेलं. त्यात एक लहान रंधा, तोंडात गाळ वाळून वीट झालेली, पातं जागेवर गंजून चिकटलेलं. मालकाने पैसे पण घेतले नाहीत.

चार दिवस रॉकेलमध्ये ठेवला तेव्हा पातं सुटलं. पात्यावर गंजाखाली अक्षरं आहेत असं बोटाला लागत होतं, आंधळ्यासारखं चाचपडून मी दोन अक्षरं वाचली पण होती, म्हणजे वाचली असं मला वाटतं. मग लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकला. गंज काढायला लिंबूसत्व चांगलं, स्वस्त, दुकानात किलोने मिळतं, पण तास-दीड तासाने काढून ब्रश मारायचा, लागलं तर परत टाकायचा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचा, लगेच पुसून तेल लावायचं. हे सगळं मला माहीत होतं. त्या दिवशी कंपनीतून फोन आला, कस्टमरचं ऑडिट, ताबडतोब या. बायकोला सांगून जातो म्हटलं आणि सांगितलंच नाही. रात्रभर तिथेच थांबलो. सकाळी आलो तर बादलीत काळं पाणी, रंधा राखेच्या रंगाचा, आणि पात्यावर सगळीकडे बारीक खड्डे. अक्षरं गेली. भिंगाने बघितलं, तिरका उजेड टाकून बघितला, कोळशाची पूड चोळून कागदावर छाप घेऊन बघितला. काही नाही. पुराने दिलेलं आपण बादलीत घालवलं. तो रंधा मी विकत नाही आणि कोणाला दाखवत पण नाही, कपाटात मागे आहे.

त्यानंतर नियम केला. धुवायच्या आधी फोटो. आणि पितळी मुठीला हात लावायचा नाही. आईने एकदा कौतुकाने एक मूठ चिंचेने घासून समईसारखी लखलखीत केली होती, तिला काय बोलणार.

सगळ्यात आवडीचा म्हणाल तर देवळाली कॅम्पचा. एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं, लोक टेबलखुर्च्यांवर तुटून पडलेले आणि मी माळ्याखालच्या खोक्यात. रेकॉर्डचा ०११०, खोलगट भागात मूळचा निळा रंग अजून शाबूत. कडेला तीन रेघा, कावळ्याच्या पायासारख्या, मला वाटलं कोणीतरी पटाशीने ओरखडलंय. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण निघाली, बाण. म्हणजे हा कुठल्यातरी लष्करी स्टोअरच्या यादीत होता आणि तिथून कसा 'सुटला' ते त्यालाच ठाऊक. त्या बाणाशेजारी दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली, डी आणि एम, थोडी वाकडी. कोणी कारागिराने आपली ओळख म्हणून पंच मारलेला. मला नंबर-बिंबरपेक्षा हीच गोष्ट जास्त आवडते. कंपनीचं नाव लाखो रंध्यांवर असतं, डीएम एकावरच. संध्याकाळी मामांना हे सगळं फार रंगवून सांगितलं. बघा मामा, ऐंशी वर्षांपूर्वी कोणी नाव ठोकलं म्हणून आज आपल्याला कळतंय की तो होता. मामांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "हं," म्हणाले.

सध्या माझ्याकडे चौदा आहेत. त्यातला एक साडेनऊ मामांनी मागच्या पावसाळ्यात मागून नेला, इंदिरानगरला एका बंगल्याचे दरवाजे फुगले होते आणि दाराच्या खालच्या टोकाला मारायला त्यांना हाच हवा होता. लाकडीवाल्या मामांनी स्वतःहून माझा लोखंडी रंधा मागितला म्हणून मी छाती फुगवून दिला. माझ्याकडचा सगळ्यात स्वच्छ पीस, काळा मुलामा नव्वद टक्के, कडा कोऱ्या, एका संग्राहकाने त्याला साडेपाच हजार देऊ केले होते.

महिना झाला, दीड महिना झाला, मामा विषय काढेनात. मग एका संध्याकाळी आले, पेपरात गुंडाळलेला रंधा टेबलावर ठेवला. म्हणाले, साईटवर पोरांनी हलवाहलव केली, दोन दिवस सापडत नव्हता, जीव खाली-वर झाला, शेवटी प्लायच्या ढिगाखाली मिळाला. "म्हटलं परत असं व्हायला नको. भांडी बाजारात गेलो."

पेपर उलगडला. रंध्याच्या उजव्या भिंतीवर, अगदी मधोमध, लग्नातल्या तांब्या-पेल्यावर घालतात तशा टिंबाटिंबांच्या मशीनने, ठळक मराठीत माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. खाली 'पंचवटी, नाशिक' आणि तारीख.

मी नुसता बघत राहिलो.

"बीडावर चालत नाही म्हणत होता तो, सुई मोडेल म्हणाला," मामा म्हणाले, "दोनदा फिरवायला लावली. चाळीस रुपये घेतले. सुट्टे आहेत का तुझ्याकडे?"